मदत हवी आहे: मी जितकी उत्तरं देते तितके ऑनलाइन कोर्सचे विद्यार्थी गप्प होतायत

नमस्कार मंडळी,
संख्याशास्त्राचा बारा आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स पहिल्यांदाच घेतेय. ५४ जण आहेत, लेक्चर्स रेकॉर्डेड, आठवड्यातून एकदा तासभर लाइव्ह. सुरू करताना सगळ्यांनी एकच बजावलं होतं की ऑनलाइनमध्ये शिक्षक सतत दिसला पाहिजे नाहीतर पोरं गळतात, आणि मी ते जरा जास्तच मनावर घेतलं. प्रश्न पडला की दहा मिनिटांत उत्तर, रात्री साडेअकरालासुद्धा (घरचे वैतागलेत). पहिले दोन आठवडे मस्त गेले, आता सहाव्यात अशी गत आहे की कोणी काही विचारलं की बाकीचे ५३ माझ्या उत्तराची वाट बघत बसतात. परवा पी-व्हॅल्यूवर एकाने विचारलं, मी उत्तर टाकलं, लगेच एकीचा मेसेज, "मॅम मी लिहीतच होते, पण तुम्ही सांगितलंत, राहू दे." ती काय लिहिणार होती कोण जाणे.

लाइव्हचं तर विचारूच नका. कॅमेरे बंद, "काही शंका?" म्हटलं की शांतता, मलाच कसंतरी होतं म्हणून पुढे जाते.

मी कमी दिसू का? पण गायब झाले तर उरलेसुरले पण जातील अशी भीती वाटते.

प्रतिसाद १
सेम टू सेम. वाचतोय.

प्रतिसाद २
ताई, हे जुनं दुखणं आहे. मॅझोलिनी आणि मॅडिसन या संशोधकांनी २००३ मध्ये ऑनलाइन खगोलशास्त्राच्या कोर्सेसवर हेच मांडलं होतं, शिक्षक जास्त लिहितो तिथे विद्यार्थी कमी लिहितात आणि चर्चा लवकर आटपते. गंमत म्हणजे फीडबॅकमध्ये अशाच शिक्षकांना उत्साही म्हणून चांगले शेरे मिळतात, त्यामुळे आपलं काही चुकतंय हे आपल्याला कळतच नाही.

गायब होऊ नका, उत्तर देण्याची वेळ ठरवा. २४ तासांत उत्तर मिळेल असं आधीच जाहीर करा आणि तोवर हात आवरा. लॉगिन होत नाही, असाइनमेंट सबमिट होत नाही असलं काही असेल तर मात्र लगेच बघा, तिथे ताटकळत ठेवण्यात काही शिक्षण नाही. मग लिहाल तेव्हा सरळ उत्तर देऊ नका, कोणी अर्धवट लिहिलं असेल तर त्याचं नाव घेऊन तोच धागा पुढे न्या. आठवड्याच्या शेवटी तीनचार मिनिटांचा साधा व्हिडिओ, या आठवड्यात तुमचे लोक नेमके कुठे अडकले त्यावर, आधीच करून ठेवलेला चालणार नाही.

लाइव्हमध्ये "काही शंका?" बंदच करा. एक प्रश्न द्या, सगळ्यांना चॅटमध्ये उत्तर टाइप करायला सांगा पण एंटर तुम्ही म्हणाल तेव्हाच. एकदम पन्नास उत्तरं पडतात, लाजायला वेळच मिळत नाही. आणि थांबायला शिका हो. साध्या वर्गातसुद्धा शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम १ सेकंद थांबतात, ३ सेकंद थांबलं तर उत्तरं लांब येतात हे शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकातच दाखवलंय. ऑनलाइनला तर टाइप करायचा वेळ वेगळा धरा.

धागाकर्ती
खूप आभार! एंटरवालं काल करून बघितलं, ३१ उत्तरं आली, त्यातली निम्मी चूक, पण आली!! २४ तासांचं आजपासून. एकच शंका, तेवढ्या वेळात कोणी ठार चुकीचं उत्तर दिलं आणि बाकीच्यांनी त्याला धडाधड लाइक ठोकले तर काय करायचं?