मदत हवी आहे: क्रोशाच्या सशाचं डोकं गोल न होता टोपीसारखं उभं होतंय

नमस्कार. क्रोशा शिकायला लागून मला दीड महिना झाला. साखळी, खांब, अर्धा खांब एवढं हाताला बसलंय. एक चौकोनी तुकडा आणि एक सरळ मफलर पूर्ण केला. आता पहिल्यांदाच अमिगुरुमी, म्हणजे विणून आत फायबर भरायची ती छोटी प्राण्यांची खेळणी, करायला घेतलंय. भाची पुढच्या महिन्यात दीड वर्षाची होईल. तिच्या मुठीत कान धरता येतील असा ससा तिला द्यायचाय.

गेले चार दिवस नुसतं डोकंच चाललंय. तीनदा पूर्ण उसवलं. नमुना मैत्रिणीनं तिच्याकडच्या एका जुन्या पुस्तकातून फोटो काढून दिलाय. त्यात डोकं असं आहे: मॅजिक रिंगमध्ये, म्हणजे ओढून आवळता येणाऱ्या दोऱ्याच्या कड्यात, ६ डीसी. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात २ डीसी, झाले १२. तिसरीत एक साधा, पुढच्यात दोन, असं ६ वेळा, झाले १८. मग २४, ३०, ३६. त्यानंतर सहा फेऱ्या ३६ वरच आणि मग कमी करत आणायचं. डीसी म्हणजे डबल क्रोशे, आपला खांब, म्हणून मी खांब घालतेय.

फोटोत डोकं चेंडूसारखं गोल आहे. माझं चौथ्या-पाचव्या फेरीपर्यंत विदूषकाच्या टोपीसारखं निमुळतं, उभं होतं. टाक्यांमध्ये एवढी भोकं पडतात की आतलं पांढरं फायबर सरळ दिसतं. शिवाय मोजणी जुळत नाही, १८ च्या जागी कधी १७ येतात, कधी १९. लोकर गडद निळी आहे, वेष्टनावर ४ मिमी हूक लिहिलाय आणि मी तोच वापरतेय.

माझा हात सैल आहे का? की लोकर चुकली? आणखी एक: डोळ्यांसाठी मागून चकती दाबून बसवायचे काळे प्लास्टिकचे डोळे आणलेत. ते नेमके कधी बसवायचे?

*

निमुळतं होतंय म्हणजे टाके कमी पडताहेत. प्रत्येक फेरीत ६ ऐवजी ८ वाढवून पाहा. मी टोपी करताना असंच जुळवून घेते.

*

८ वाढवायच्या आधी एक गोष्ट बघा. त्या नमुन्यात, सशाच्या बाकीच्या भागांत सुद्धा, 'एससी' (सिंगल क्रोशे) हा शब्द कुठे आहे का? आणि 'ट्रेबल' आहे का?

*

आत्ता पूर्ण वाचला. एससी एकदाही नाही. कानांच्या कृतीत ट्रेबल आहे. (मूळ प्रश्न माझाच.)

*

मग तुमचा हात सैल नाही आणि लोकरही चुकलेली नाही. तुमचा नमुना ब्रिटिश पद्धतीनं लिहिलेला आहे आणि तुम्ही टाके अमेरिकन पद्धतीच्या व्हिडिओंवरून शिकला असणार.

दोन्हीकडे टाके तेच आहेत, नावं मात्र एक पायरी सरकलेली आहेत. ब्रिटिश नमुन्यातला डबल क्रोशे म्हणजे अमेरिकन सिंगल क्रोशे. ब्रिटिश ट्रेबल म्हणजे अमेरिकन डबल, म्हणजे तुमचा खांब. ब्रिटिश हाफ ट्रेबल म्हणजे अमेरिकन हाफ डबल, म्हणजे अर्धा खांब. अमिगुरुमी जवळजवळ पूर्णच अमेरिकन सिंगल क्रोशेनं होते: हूक टाक्यात घाला, दोरा ओढून आणा, हुकावर दोन फासे, पुन्हा दोरा घेऊन दोन्हींतून एकदम काढा. आमच्या घरी याला मुका खांब म्हणत. एससी कुठेच नाही आणि डीसी व ट्रेबल दोन्ही आहेत, ही ब्रिटिश नमुन्याची सगळ्यात सोपी खूण. अमेरिकन पद्धतीच्या अशा खेळण्याच्या नमुन्यात एससी बहुतेक दिसतोच, कारण तोच तिथला सगळ्यात छोटा उभा टाका.

टोपी का झाली तेही सांगते, कारण ते एकदा कळलं की पुढे कुठलाही गोल आकार तुम्ही स्वतः दुरुस्त करू शकाल. सपाट वर्तुळाची त्रिज्या जेवढी वाढते, त्याच्या साधारण सव्वासहा पट त्याचा परीघ वाढतो. मुका खांब जेवढा रुंद, साधारण तेवढाच उंच असतो. म्हणजे एका फेरीनं त्रिज्या एका टाक्यानं वाढली की परिघाला सुमारे ६ टाके जास्त लागतात. म्हणून ६, १२, १८, २४. खांब मात्र रुंदीच्या जवळपास दुप्पट उंच. त्याला दर फेरीला १२ जास्त हवेत. तुम्ही उंची खांबाची दिलीत आणि वाढ मुक्या खांबाची, त्यामुळे कापडाला बाजूला पसरायला जागाच राहिली नाही, ते वर चढत गेलं. ८ वाढवूनही टोपीच होईल, थोडी बसकी. १२ वाढवलेत तर सपाट होईल, पण भोकं तशीच राहतील आणि फायबर बाहेर येईल.

उलट बाजूही लक्षात ठेवा. कडा झालरीसारख्या लाटा घेऊ लागल्या तर टाके जास्त झालेत.

*

वरच्या प्रतिसादातलं ८ वाढवण्याचं सांगणं मागे घेते. माझ्या टोप्या अर्ध्या खांबाच्या असतात, म्हणून तिथे ८ चालतं. इथे ते लागू नाही.

*

मोजणीबद्दल मी लिहिते, कारण माझे पहिले सहा महिने त्यातच गेले.

सगळ्यात आधी ती गडद निळी लोकर बाजूला ठेवा. गडद रंगात टाका दिसत नाही आणि जो दिसत नाही तो मोजता येत नाही. पहिल्या खेळण्याला फिकट, एकाच रंगाची, गुळगुळीत, घट्ट पीळ असलेली लोकर किंवा सुती दोरा घ्या. मखमली लोकर दुकानात कितीही मऊ लागली तरी सध्या नको. तिच्यात टाके बोटांनी चाचपून शोधावे लागतात. हूक वेष्टनावर लिहिलाय त्याहून लहान घ्या. ४ लिहिलाय तर ३ किंवा ३.५ नं करून बघा. वेष्टनावरचं माप स्वेटरसारख्या मऊ, पडत्या कापडासाठी असतं. आपल्याला घट्ट कापड हवंय. तयार कापड बोटावर ताणून बघा, बोट दिसलं तर हूक आणखी लहान करा.

१७ आणि १९ यांचं कारण बहुतेक वेळा फेरीच्या सांध्यावर असतं. अमिगुरुमीत फेरी जोडून बंद करत नाहीत, जिन्यासारखं सलग फिरत वर जायचं. त्यामुळे फेरी कुठे संपली ते डोळ्याला कळत नाही. प्रत्येक फेरीचा पहिला टाका घातला की लगेच त्यात खूण अडकवा. विकतची खुणेची पिन नसेल तर दुसऱ्या रंगाच्या दोऱ्याचा तुकडा आडवा ठेवून त्यावरून विणलं तरी चालतं. फेरी संपताना शेवटचा टाका त्या खुणेच्या अगदी अलीकडे पडला पाहिजे. मग खूण काढायची, त्या टाक्यात नव्या फेरीचा पहिला टाका घालायचा आणि खूण त्या नव्या टाक्यात.

हुकावर जो फास असतो तो टाका म्हणून मोजू नका. मॅजिक रिंग करताना सुरुवातीला जी एक साखळी घेतो तीही मोजायची नाही. या दोन्हींपैकी एक मोजली की १९ होतात. आणि रिंग ओढल्यावर पहिला टाका आकसून लपतो, तो सुटला की १७. पहिल्या फेरीनंतर थांबून ६ मोजा. तिथे ५ असतील तर पुढचं सगळं फुकट जातं.

दर फेरी मोजायची. कंटाळा येतो, पण आठव्या फेरीत चूक कळून पाच फेऱ्या उसवण्यापेक्षा ते बरं. आकडे ६ च्या पाढ्यात नसतील तर तिथेच थांबायचं. एखादा टाका मागच्या एकाच फेरीत चुकला असेल तर मी उसवत नाही, पुढच्या फेरीत भरून काढते. भरलेल्या खेळण्यात तो कुणाला सापडत नाही. दोन-तीन चुकले असतील तर उसवते.

मॅजिक रिंग घसरत असेल तर दोन साखळ्या घाला आणि हुकाकडून दुसऱ्या साखळीत सहाच्या सहा मुके खांब घाला. मध्ये बारीक भोक राहतं, शेपटाच्या दोऱ्यानं, म्हणजे सुरुवातीला मोकळ्या सोडलेल्या टोकानं, आतून आवळून घ्यायचं.

*

मी फक्त डोळ्यांसाठी लिहितोय. दीड वर्षाच्या बाळाच्या खेळण्याला ते प्लास्टिकचे डोळे बसवू नका, ही कळकळीची विनंती. नावात 'सेफ्टी' असलं तरी तीन वर्षांखालच्या मुलांसाठी ते सुरक्षित नाहीत. चकती घट्ट बसते हे खरं, पण विणलेलं कापड ताणलं जातं, बाळ ते चावतं, ओढतं आणि डोळा आख्खा टाक्यांच्या फटीतून निघतो. घशात अडकायला तेवढा आकार पुरतो. आमच्या घरी एक डोळा असाच निघाला, वेळेत दिसला म्हणून बरं.

काळ्या दोऱ्यानं भरतकाम करा. एकाच जागी चार-पाच आडवे टाके एकावर एक, झाला डोळा. हे डोकं बंद करायच्या आधी करा म्हणजे गाठी आत राहतील. मणी, बटणं, घुंगरू यांपैकीही काही नको.

*

याला जोडून, कापूस भरू नका. धुतला की त्याच्या गुठळ्या होतात आणि लवकर वाळत नाही. तुम्ही पॉलिएस्टर फायबर भरताय तेच ठीक आहे. लहान लहान चिमट्या पिंजून भरा. मोठा गोळा कोंबला की बाहेरून टेंगूळ दिसतं.

*

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री पिवळसर दोरा आणि ३ मिमी हूक घेऊन पुन्हा सुरुवात केली, मुक्या खांबानं. ३६ पर्यंत मोजणी एकदाही चुकली नाही आणि खरंच वाटी झाली, फोटोत आहे तशीच! भोकं जवळजवळ नाहीत. तो सहाचा हिशेब वाचल्यावर मी चौथ्यांदा हूक हातात घेतला ते न घाबरता. प्लास्टिकचे डोळे परत पुडीत घालून उंच कपाटात ठेवलेत.

दोन शंका अजून आहेत. वाटी वरून बघितली तर गोल नाही, षटकोनी दिसतेय. आणि बाहेरच्या बाजूला आडव्या दांड्या दिसतात, फोटोत मात्र इंग्रजी व्ही सारख्या खुणा आहेत.

*

आडव्या दांड्या म्हणजे उलटी बाजू बाहेर आलीय. नवशिक्यांचं काम आपोआप त्या दिशेला वळतं. वाटी मोज्यासारखी उलटी करा, बस. पुढे विणताना हूक नेहमी बाहेरून आत जाईल असा धरा.

षटकोन होतो कारण दर फेरीची वाढ बरोबर आधीच्या वाढीवर पडते आणि सहा कोपरे तयार होतात. एक सोडून एक फेरीत वाढ अर्ध्यानं सरकवा. २४ च्या फेरीत 'दोन साधे, एक वाढ' सहा वेळा करण्याऐवजी सुरुवातीला एक साधा आणि एक वाढ, मग 'दोन साधे, एक वाढ' पाच वेळा, शेवटी उरलेला एक साधा. एकूण २४ च. ३६ च्या फेरीत तसंच: दोन साधे, एक वाढ, मग 'चार साधे, एक वाढ' पाच वेळा, शेवटी दोन साधे. आत्ता केलेलं मात्र यासाठी उसवू नका. भरल्यावर कोपरे बरेच दबतात.

टाके कमी करताना दोन्ही टाक्यांचे फक्त पुढचे फासे हुकावर घ्या, दोरा त्या दोन्हींतून ओढा, मग नेहमीसारखं पूर्ण करा. दोन पूर्ण टाके एकत्र केले तर तिथे फुगवटा आणि भोक राहतं. या पद्धतीत कमी केलेलं दिसतच नाही.

*

डोळ्यांची जागा ठरवताना डोकं मधोमध दुभागणाऱ्या रेषेच्या थोडं खाली जा आणि दोन डोळ्यांत सहा-सात टाक्यांचं अंतर ठेवा. बाळाच्या चेहऱ्यात डोळे असेच खाली आणि लांब असतात, म्हणून ससा गोड दिसतो. टाके चढताना किंचित उजवीकडे कलतात, त्यामुळे टाक्यांची उभी रांग धरून नाक मारलं तर ते सरकतं. अंदाज रांगेवरून नको, समोर धरून डोळ्यानं घ्या.

*

डोळे भरले, डोकं बंद केलं. शेवटच्या ६ टाक्यांच्या पुढच्या फाशांतून दोरा ओवून आवळला, भोक पूर्ण मिटलं. आता कान. त्या ट्रेबलचे खांब केले, दोन्ही कान झालेत. शिवताना मात्र एक पुढे जातो, एक मागे.

*

कानांत फायबर भरू नका, चपटेच ठेवा, बुडाशी थोडी चुणी घ्या. रंगीत डोक्याच्या टाचण्यांनी दोन्ही कान आधी लावून घ्या आणि डोकं समोरून, दोन्ही बाजूंनी आणि वरून बघा. वरून बघितलं की पुढेमागे असलेला लगेच कळतो. मग विणकामाचं जे लांब शेपूट सोडलंय त्यानंच शिवा, डोक्याचा एक टाका, कानाचा एक टाका असं सगळीकडून. बाळ कानालाच धरून ओढणार, म्हणून दोन फेरे मारा. टाचण्या किती लावल्या ते लिहून ठेवा आणि काढल्यावर मोजा.

*

आठ लावल्यात. कागदावर लिहिलंय. शिवायला बसते.