वडिलांच्या निधनानंतर पीएम किसानचा हप्ता कोणाच्या नावे मिळतो?

प्रश्न (चांदवड तालुका):
नमस्कार. माझे वडील गेल्या वर्षी वारले. त्यांच्या खात्यात पीएम किसानचे वर्षाला ६,००० रुपये आणि राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे तेवढेच पैसे जमा होत असत. उन्हाळ कांद्याच्या लागवडीच्या वेळी मजुरी आम्ही त्यातूनच भागवत असू. सातबाऱ्यावर अजून वडिलांचेच नाव आहे. वारस म्हणून आई, मी आणि धाकटा भाऊ असे तिघे आहोत. भाऊ सरकारी शाळेत शिक्षक आहे, जमीन मी कसतो. १ फेब्रुवारी २०१९ नंतर नावावर झालेली जमीन या योजनेत धरत नाहीत, असे गावात सांगतात. मग आम्हाला अर्ज करताच येणार नाही का? वडिलांच्या निधनानंतरही त्यांच्या खात्यात एक हप्ता आला आहे, त्याचे काय करावे?

उत्तर १ (निफाड):
दादा, गावात सांगतात ते अर्धेच खरे आहे. त्या तारखेनंतर खरेदीने किंवा बक्षीसपत्राने आलेली जमीन धरत नाहीत, परंतु खातेदाराच्या मृत्यूमुळे वारसाहक्काने आलेल्या जमिनीला ही अट लागू नाही. म्हणून सर्वांत आधी मृत्यूचा दाखला आणि वारसांचे प्रतिज्ञापत्र जोडून ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे, म्हणजे आपल्या तलाठ्यांकडे, वारस नोंदीचा अर्ज द्या; हरकतीसाठी १५ दिवसांची नोटीस निघते आणि त्यानंतर मंडळ अधिकारी फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरील नावबदलाची नोंद, प्रमाणित करतात. योजनेत कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अठरा वर्षांखालील मुले. त्यामुळे आई आणि आपण स्वतंत्रपणे अर्ज करू शकता, मात्र नोकरीमुळे भाऊ अपात्र ठरतो. आपल्यापैकी कोणी आयकर भरत असल्यास त्यालाही लाभ मिळत नाही. निधनानंतर आलेला हप्ता खर्च करू नका. तालुका कृषी कार्यालयात मृत्यूची लेखी माहिती देऊन तो परत करा; नंतर वसुलीची नोटीस आली, तर आईला नाहक मनस्ताप होईल.

उत्तर २ (सिन्नर):
वारस नोंद लांबणीवर टाकू नका, हे मी कळकळीने सांगतो. २०२३ मध्ये फेब्रुवारी आणि मार्चमध्ये विकलेल्या लाल कांद्यासाठी राज्याने क्विंटलला ३५० रुपये, कमाल २०० क्विंटलपर्यंत, अनुदान जाहीर केले, तेव्हा आमचा सातबारा वडिलांच्या नावे आणि विक्रीपट्टी, म्हणजे कांदा विकल्याची पावती, माझ्या नावे होती. वडील हयात होते, म्हणून सहमतीचे शपथपत्र देता आले आणि रक्कम त्यांच्या खात्यात जमा झाली. खातेदारच हयात नसेल, तर सही कोणाची घेणार? पिकाची नोंद, नुकसानभरपाई, ठिबकचे अनुदान, सगळे त्या एका उताऱ्यावर येऊन थांबते.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. आईच्या नावे जिल्हा बँकेत जुने खाते आहे. अर्जात तेच दिले तर चालेल का?

उत्तर १ (निफाड):
अर्जात कोणतेही खाते लिहिले, तरी पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच जातात. म्हणून आईंचे आधार सध्या कोणत्या बँकेशी जोडलेले आहे, ते आधी तपासा. जोडलेले नसेल, तर पोस्टात खाते उघडून तिथेच जोडून घेता येते. फेरफार मंजूर झाला की आईंचा आणि आपला शेतकरी ओळख क्रमांक काढा, कारण १५ एप्रिल २०२५ पासून राज्यातील कृषी योजनांसाठी तो बंधनकारक आहे. नोंदणीनंतर दोघांचीही ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पडताळणी, करून घ्या. आईंच्या बोटांचे ठसे उमटत नसतील, तर मोबाईलवर चेहरा दाखवूनही ती होते; आमच्या आईची तशीच झाली.