मदत हवी आहे: औषध घातलं की कार्बोपोलचं जेल पातळ होतंय

रेवा_एमफार्म:
सोमवारी गाईडसरांना बॅच दाखवायची आहे. कार्बोपोलचं (पाणी घट्ट करणारी पॉलिमरची पावडर) जेल छान घट्ट होतं, पण औषध घातलं की ताकासारखं पातळ! चार बॅचेस वाया गेल्या. काय चुकतंय? कृपया लवकर सांगा.

जुना_केमिस्ट:
कोणतं औषध? कार्बोपोल कोणता ग्रेड, किती टक्के? पीएच?

रेवा_एमफार्म:
डायक्लोफेनॅक सोडियम (दुखण्यावरचं औषध) 1 टक्का. कार्बोपोल 940, अर्धा टक्का, रात्रभर भिजवलेलं. ट्रायइथेनॉलअमीन (टीईए) या अल्कलीनं पीएच 6.8 वर आणला.

सह्यकडा:
कार्बोपोल सोडा, एचपीएमसी के4एम घ्या, सेल्युलोजपासून केलेला जेलचा दुसरा पॉलिमर. त्याच्यावर विद्युतभारच नसतो, त्यामुळे क्षारांची एवढी फिकीर नाही. गरम पाण्यात पसरवायचं, मग थंड करायचं. माझा अख्खा प्रोजेक्ट त्यावर झाला.

जुना_केमिस्ट:
सिनॉप्सिस (प्रोजेक्टचा आराखडा) मंजूर झाल्यावर पॉलिमर कसा बदलणार ती? शिवाय एचपीएमसी वाळलं की कातडीवर पापुद्रा धरतं. रेवा, औषध कशात विरघळवलंस ते सांग आधी.

माईचा_मुलगा:
आमच्या आईच्या गुडघ्यांना डायक्लोफेनॅक जेलनं फार आराम पडला. लावून वर गरम पाण्याची पिशवी ठेवतो.

डॉ_आजी:
पिशवी ठेवू नका हो! उष्णतेनं औषध जास्त प्रमाणात आत शिरतं, कातडीही भाजू शकते. दम्याचा, अल्सरचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच लावा.

रेवा_एमफार्म:
माझं कुणी बघेल का? औषध 7.4 पीएचच्या फॉस्फेट बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणारं क्षारांचं द्रावण) विरघळवलं. फ्रान्झ सेलमध्ये (जेलमधलं औषध पडद्यापार किती जातं ते मोजायचं उपकरण) पुढे तोच वापरायचा आहे, म्हणून.

जुना_केमिस्ट:
इथेच घोळ आहे, आणि हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. टीईएमुळे कार्बोपोलच्या साखळ्यांवर ऋणभार येतो, त्या एकमेकींना ढकलतात, उलगडतात आणि पाणी धरतात. बफरमधला सोडियम तो भार झाकून टाकतो, की साखळ्या पुन्हा आखडल्या. तुझं औषधही सोडियमचंच मीठ, म्हणजे दुहेरी मार. बफर फ्रान्झ सेलच्या रिसेप्टरच्या बाजूलाच, म्हणजे पडद्याखालच्या कप्प्यातच, राहू दे. औषध प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि थोड्या पाण्यात विरघळव, कार्बोपोल दीड टक्क्यापर्यंत ने.

सह्यकडा:
म्हणजे क्षारांचा प्रश्न आहेच, मी तेच म्हणत होतो. सोडियमऐवजी डायक्लोफेनॅकचं डायइथिलअमीन मीठ घेतलं तर? बाजारातल्या जेलांवर 1.16 टक्के लिहिलेलं असतं ते तेच, 1 टक्का डायक्लोफेनॅक सोडियमच्या बरोबरीचं.

जुना_केमिस्ट:
सोमवारपर्यंत ते कुठून आणणार? आणि रेवा, टीईएच्या आधी औषध घालू नकोस. नुसत्या कार्बोपोलचा पीएच 3 च्या आसपास असतो, त्यात डायक्लोफेनॅक आम्लरूपात खाली बसतं, पांढरे कण दिसतात.

रेवा_एमफार्म:
दुसऱ्या बॅचला अगदी तसेच कण आले होते! मला वाटलं कार्बोपोलच्या गुठळ्या आहेत.

रेवा_एमफार्म:
आज दीड टक्क्यानं केलं, बफर न घालता. बीकर आडवा केला तरी हललं नाही! खूप आभार. फक्त आत बुडबुडे फार आहेत, ते कसे काढू?

जुना_केमिस्ट:
जोरात ढवळलं असशील. झाकून रात्रभर न हलवता ठेव. खिडकीत मात्र नको, उन्हानं कार्बोपोल पुन्हा पातळ होतं.