मदत हवी आहे: बाबांची १९६९ची जीटीओ विकायची आहे, महिनाअखेरच्या आत

अमेय_ऑस्टिन | ९ सप्टें., सकाळी ७:४२
नमस्कार मंडळी. बाबांची जुनी मसल कार, पॉन्टिॲक जीटीओ, विकायची आहे. १९६९चं मॉडेल, हिरवी, वर काळं व्हायनिल छत, कायम गराजमध्ये, कंडिशन एकदम छान. ३० तारखेला घराच्या विक्रीचं क्लोजिंग आहे, त्याआधी हे उरकायचंय. शेजारच्या गल्लीतला एक जण १८ हजार रोख देतो म्हणतोय. इथला बॉडीशॉपवाला म्हणतो, साडेसहा हजार घालून केशरी रंग मारा, बाजूला 'द जज' ह्या खास जीटीओचे पट्टे चिकटवा, दुप्पट येतील. रंग मारू की तशीच विकू? कुठे विकू? लवकर सांगा, मी इथे रविवारपर्यंतच आहे.

शिळोप्या | ९ सप्टें., ८:०५
इथे म्हणजे कुठे? आयडीत ऑस्टिन आहे.

पेठकर_काका | ९ सप्टें., ८:३१
आमच्या थोरल्या मामांकडे इंपाला होती, मुंबईत. पुण्याला यायची तेव्हा वाड्याच्या बोळात शिरायची नाही, नदीकाठी लावून मामा चालत यायचे. मामांनी ती विकली आणि नंतर जन्मभर हळहळले. विकू नका एवढंच सांगतो.

गाडीवेडा_ग्रँडरॅपिड्स | ९ सप्टें., ८:५०
थांबा! रंगाला हात लावू नका. १८ हजारवाल्याला आज काही बोलू नका. आधी हे सांगा:
विन नंबरचे (गाडीचा कारखान्यातला ओळख नंबर) पहिले सहा आकडे काय? (ड्रायव्हरच्या बाजूला, काचेतून डॅशवर दिसतो.) मॅन्युअल की ऑटोमॅटिक? शेवटची कधी चालली? हा हिरवा मूळचा की नंतरचा? गंज कुठे? बॉनेटवर टॅकोमीटर (इंजिनचे फेरे दाखवणारा मीटर) आहे का? आणि फोटो. 'कंडिशन छान' हे प्रत्येक विकणारा म्हणतो.

अमेय_ऑस्टिन | ९ सप्टें., ९:२०
मिशिगन, ट्रॉय. ते गृहीत धरलं होतं, सॉरी. ऑटोमॅटिक. मीटरवर ७१ हजार मैल. २०१७ला शेवटची चालवली. आज जम्प लावून स्टार्ट करून व्हिडिओ काढणार होतो. विन २४२३७९पी... पुढचे टाकत नाही.
काका, विकू नका हे ऐकायला धागा काढलेला नाही.

गाडीवेडा_ग्रँडरॅपिड्स | ९ सप्टें., ९:२७
जम्प लावू नका!! आठ वर्षांचं पेट्रोल टाकीत आहे. त्याचा राळेसारखा चिकट थर झाला असेल, तो कार्ब्युरेटरमध्ये ओढला गेला की संपलं. शिवाय इथेनॉलने जुन्या रबरी नळ्या खाल्लेल्या असतात, आग लागायची. टाकी रिकामी करायची, नळ्या बदलायच्या, सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडून इंजिन आधी हाताने फिरवून बघायचं. हे रविवारपर्यंत होत नसेल तर 'चालू नाही' असं सरळ लिहून विका. त्याची लाज नसते.
विन उत्तम आहे. २ म्हणजे पॉन्टिॲक, ४२ म्हणजे जीटीओ, ३७ हार्डटॉप, ९ म्हणजे १९६९, पी म्हणजे पॉन्टिॲक गावातला कारखाना. तुमच्या दारापासून फार लांब नाही. २३७ निघाला असता तर ती पॉन्टिॲकच्याच साध्या लेमान्सची जीटीओ केलेली असती. तसले सोंग बाजारात खूप.

मुलुंडची_मुलगी | ९ सप्टें., ९:४४
मसल कार म्हणजे नक्की काय? जुनी अमेरिकन गाडी म्हणजे मसल कार का?

चष्मिष्ट | ९ सप्टें., १०:१२
@मुलुंडची_मुलगी, नाही. मध्यम आकाराच्या, बेताच्या किमतीच्या गाडीत मोठ्या गाडीचं इंजिन कोंबलं की मसल कार. सुरुवात बहुतेक जण १९६४च्या जीटीओपासून धरतात. जनरल मोटर्सचा तेव्हा नियम होता, मध्यम गाडीत ३३० क्युबिक इंचांपेक्षा मोठं इंजिन नको. पॉन्टिॲकच्या जॉन डिलोरियन वगैरे मंडळींनी जीटीओ वेगळं मॉडेल दाखवलंच नाही. टेम्पेस्ट-लेमान्सवर घ्यायचा 'ऑप्शन' म्हणून ३८९चं इंजिन दिलं. नियम मॉडेलला होता, ऑप्शनला नव्हता. नाव तर थेट फेरारीचं उचललं. आपल्याकडच्या मंजूर नकाशात नसलेल्या माळ्यासारखंच.

पेठकर_काका | ९ सप्टें., १०:३०
माळ्याचं उदाहरण चपखल. आमच्या सोसायटीत असे चार माळे आहेत. सेक्रेटरी स्वतःच्याच माळ्यावर झोपतो.

विद्युतप्रेमी | ९ सप्टें., १०:४१
इंजिन काढून बॅटरी आणि मोटर बसवा. पेट्रोल, नळ्या, राळ, सगळी कटकट संपेल.

गाडीवेडा_ग्रँडरॅपिड्स | ९ सप्टें., १०:४३
पैठणीचा पडदा करा, तो पण सुंदर दिसेल.

रंगारी_एनजे | ९ सप्टें., ११:०५
माझं मत वेगळं. मी २००९मध्ये माझी मस्टँग रंगवून विकली आणि चांगले पैसे आले. गिऱ्हाईक डोळ्यांनी घेतं. फिकट हिरवं डबडं कोण घेणार? केशरी करा, पण काम चांगल्याकडून करून घ्या.

गाडीवेडा_ग्रँडरॅपिड्स | ९ सप्टें., ११:३०
@रंगारी, २००९ची गोष्ट २००९ला. आज कारखान्यातून आलेला रंग अंगावर असलेली गाडी शोधत लोक फिरतात. नवा रंग कधीही मारता येतो, जुना परत येत नाही. शिवाय नवा रंग दिसला की अनुभवी गिऱ्हाईक पहिलं विचारतं, खाली काय लपवलंय?
आणि 'जज'चं सोंग तर अजिबात नको. १९६९मध्ये जज फक्त ६,८३३ बनल्या. त्यात रॅम एअर ३ नावाचं ३६६ हॉर्सपॉवरचं इंजिन यायचं. सुरुवातीच्या सगळ्या केशरीच होत्या, म्हणून तो बॉडीशॉपवाला केशरी म्हणतोय. विनवरून जज ओळखता येत नाही हे खरं, पण पॉन्टिॲक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडे कारखान्याच्या नोंदी आहेत. पैसे भरून विन दिला की त्या गाडीवर काय काय बसवून पाठवलं ते कागदावर येतं. गिऱ्हाईक तो कागद मागवणारच. मग साडेसहा हजार पण गेले आणि नाव पण गेलं.

रंगारी_एनजे | ९ सप्टें., ११:३८
मी जज करा म्हटलं नाही, केशरी करा म्हटलं.

चष्मिष्ट | ९ सप्टें., ११:४०
केशरी जीटीओ उभी केली की बघणारा जजच समजणार. हलके घ्या.

सीए_सनीवेल | ९ सप्टें., दु. १२:१५
कोणीच विचारलं नाही म्हणून विचारते. गाडी बाबांची म्हणताय. टायटल (मालकीचा कागद) कोणाच्या नावावर आहे? बाबा आहेत की...? वारसाने आली असेल तर मृत्यूच्या दिवशीची बाजारभाव किंमत धरतात, हयातीत बक्षीस दिली असेल तर बाबांची मूळ खरेदी किंमत. टॅक्समध्ये मोठा फरक पडतो.

अमेय_ऑस्टिन | ९ सप्टें., १२:४०
बाबा आहेत! ८० वर्षांचे, ठणठणीत. आत्ता आतल्या खोलीत पुस्तकं बांधतायत. माझ्याकडे ऑस्टिनला येणार आहेत. टायटलवर बाबा आणि आई दोघांची नावं आहेत. आई २०१६ला गेली. सही मी करेन असं धरून चाललो होतो.

सीए_सनीवेल | ९ सप्टें., १२:४६
सही बाबाच करतील, किंवा तुम्हाला रीतसर मुखत्यारपत्र देतील. बाबांना माहीत आहे ना पण?

रानजाई | ९ सप्टें., १२:५२
हेच विचारणार होते.

अमेय_ऑस्टिन | ९ सप्टें., दु. १:३०
माहीत आहे. 'तुला योग्य वाटेल ते कर' म्हणाले. एवढंच.

गाडीवेडा_ग्रँडरॅपिड्स | ९ सप्टें., १:४१
टायटलवर दोन नावांपुढे 'फुल राइट्स टू सर्व्हायव्हर' अशा अर्थाचं छापलंय का बघा. असेल तर आईच्या मृत्यू प्रमाणपत्रावर काम होतं. नसेल तर आधी सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या कार्यालयात (इथली गाड्यांची नोंदणी तिथे होते) जाऊन टायटल साफ करून घ्या, गिऱ्हाईक नंतर. आणि विकल्यावर नंबरप्लेट काढून घ्यायची, इथे ती गाडीबरोबर जात नाही.

रानजाई | ९ सप्टें., दु. २:१०
'तुला योग्य वाटेल ते कर' ह्याचा अर्थ माझ्या सासऱ्यांच्या भाषेत 'मला विचारू नकोस' असा होतो. गाडी त्यांच्याकडे आली कशी?

अमेय_ऑस्टिन | ९ सप्टें., रात्री ९:१५
विचारलं. पुण्याहून शिकायला इथल्या वेन स्टेट विद्यापीठात आले, मग इथेच नोकरी. तेलाची टंचाई झाली तेव्हा जानेवारी १९७४मध्ये एका सहकाऱ्याने १४०० डॉलरला दिली. पेट्रोलच्या रांगेत उभं राहून कंटाळला होता म्हणे. बाबांनी १९८०पर्यंत रोज ऑफिसला नेली, मग फक्त उन्हाळ्यात. हिस्टॉरिक प्लेट (जुन्या गाड्यांची खास नंबरप्लेट) आहे. ऑगस्टमध्ये तिच्यावर कुठेही फिरता येतं, म्हणून दर ऑगस्टला वुडवर्ड ॲव्हेन्यूवर ड्रीम क्रूझला, जुन्या गाड्यांच्या मिरवणुकीला, न्यायचे. आम्ही पोरं मागच्या सीटवर, उघड्या मांड्या व्हायनिलला चिकटायच्या.
फोटो टाकलेत. मागच्या काचेखाली छताचं व्हायनिल थोडं फुगलंय. बाकी मला तरी काही दिसत नाही.

गाडीवेडा_ग्रँडरॅपिड्स | ९ सप्टें., ९:५०
फोटो बघितले. रंग व्हर्डोरो ग्रीन दिसतोय, तो १९६९चाच. दाराच्या कडेला घासून खालचा प्रायमर दिसतोय तिथे पॉलिशसुद्धा लावू नका.
व्हायनिल फुगलंय म्हणजे खाली गंज. काचेच्या पट्टीत पाणी साचतं, तिथून डिकीत उतरतं. डिकीतली चटई उचला, जमीन बघा. मग मागच्या चाकांमागचा पत्रा. फ्रिजवरचा चपटा मॅग्नेट पातळ कापडात गुंडाळून फिरवा. जिथे चिकटणार नाही तिथे पुट्टी आहे. पुढचं नाक सोडा, ते एन्ड्युराचं, रबरासारखं आहे, तिथे मॅग्नेट चिकटतच नाही. नाही तर घाबराल.
राहिला एक मुद्दा. मीटर पाच आकडी आहे, लाख झाले की परत शून्यापासून. ७१ हजार म्हणजे खरंच ७१ हजार, की १ लाख ७१ हजार? गिऱ्हाईक हे विचारणार आणि मान हलवणार.

सदाफुली | ९ सप्टें., १०:०३
गाडी पुण्याला पाठवता येईल का? माझ्या दिरांना जुन्या गाड्यांचा नाद आहे.

चष्मिष्ट | ९ सप्टें., १०:०८
स्टिअरिंग डावीकडे, कस्टम्स उजवीकडून. दिरांना बसचा पास काढून द्या.

अमेय_ऑस्टिन | १० सप्टें., सकाळी ६:५५
मीटरवरून आठवलं. काल मी कागदांचे तीन डबे रिसायकलिंगला काढून ठेवले होते. त्यात बाबांची एक लाल कापडी पाठीची वही होती. आज रिसायकलिंगची गाडी यायच्या आधी, सहा वाजता, बाहेर जाऊन डबा उलटा केला.
पहिल्या पानावर श्री. खाली 'गाडी खाते'. तारीख, मैल, गॅलन, पैसे, शेरा असे रकाने, सगळं मराठीत, शाईच्या पेनने. पहिली नोंद १९ जाने. ७४, मैल ३८,४१२. शेवटची २०१७ची, ७१,२९०. मधलं एकही पेट्रोल सुटलेलं दिसत नाही. ऑफिस चार मैलांवर होतं, म्हणून वर्षाचे मैल कमी. शेरे असे: 'रांगेत १ तास १० मि.' 'फॅनबेल्ट बदलला, करकर बंद.' 'सौ.सह नायगारा. गाडी उत्तम. सौ.ला उलटी.' २०१६चं पान पूर्ण कोरं आहे.
ह्याचा उपयोग होतो का? की मराठीत म्हणून नाही?

गाडीवेडा_ग्रँडरॅपिड्स | १० सप्टें., ७:०२
उपयोग?? अहो, मीटर फिरून आला नाही ह्याचा त्रेचाळीस वर्षांचा पुरावा आहे तो. प्रत्येक पानाचा फोटो काढा. दहा-बारा पानांचं इंग्रजी करून जोडा. वही गाडीबरोबर जाणार असं जाहिरातीत लिहा.

रानजाई | १० सप्टें., ७:२०
वही द्यायची की नाही ते बाबांना विचारा. फोटोंवर भागत असेल तर मूळ ठेवा. नायगारा गिऱ्हाइकाला कशाला.

गाडीवेडा_ग्रँडरॅपिड्स | १० सप्टें., ७:३१
मूळ वही असली तर किंमत जास्त येते.

रानजाई | १० सप्टें., ७:३३
येऊ दे की कमी.

रंगारी_एनजे | १० सप्टें., ८:१५
वही वगैरे ठीक आहे, पण किंमत किती? कोणी आकडा बोलत नाही.

गाडीवेडा_ग्रँडरॅपिड्स | १० सप्टें., ८:४०
फोटोवरून आकडा बोलणारा एक तर खोटा नाही तर १८ हजारवाला. हॅगर्टीच्या (जुन्या गाड्यांचे भाव देणारी कंपनी) किंमत-तक्त्यात १ ते ४ असे दर्जे असतात, १ सगळ्यात वरचा. ही बंद असल्याने आत्ता तिसऱ्याच्या खाली धरा. तरी १८पेक्षा बरीच वर जाईल हे छातीठोक सांगतो. वाट बघायची असेल तर ब्रिंग अ ट्रेलरवर ऑनलाइन लिलाव, तिथे ५ टक्के फी घेणाऱ्याकडून जाते. झटपट हवं असेल तर हेमिंग्जवर जाहिरात. 'आमच्याकडे ठेवा, आम्ही विकून देतो' म्हणणाऱ्या शोरूमकडे जपून. माझ्या मित्राची गाडी एकाने अकरा महिने नुसती उभी ठेवली आणि वर भाडं लावलं. पैसे बँकेत उभं राहून वायरने घ्या. कॅशिअर्स चेक खोटे निघतात.

पेठकर_काका | १० सप्टें., ९:१०
आमच्या मामांनीही वही ठेवली होती. पण दुधाची.

अमेय_ऑस्टिन | ४ ऑक्टो., रात्री १०:२०
अपडेट. धागा खाली गेलाय, तरी लिहितो.
३० तारखेला घर विकलं, गाडी नाही. टायटलवर ते सर्व्हायव्हरचं वाक्य होतं. बाबा स्वतः कार्यालयात आले, सही केली, आता एकट्याच्या नावावर आहे. पॉन्टिॲक हिस्टॉरिकचे कागद आले: व्हर्डोरो ग्रीन, काळं छत, टर्बो हायड्रामॅटिक (ऑटोमॅटिक गिअर), साधं ४००चं इंजिन, ३५० हॉर्सपॉवर. इंजिनच्या ब्लॉकवर त्याचाच वायएस कोड आणि गाडीचाच नंबर, म्हणजे इंजिन मूळचंच. जज नाही. बाबा म्हणाले, 'मग, मी कधी म्हटलं होतं?' डिकीच्या जमिनीत नाण्याएवढी दोन भोकं आहेत, फोटोसकट जाहिरातीत घालणार.
१८वाला आता २६ म्हणतोय. गाडीवेडा साहेब स्वतः ट्रेलर घेऊन आले आणि गाडी त्यांच्या ओळखीच्या गरम गोदामात ठेवली, त्यांचे आभार कसे मानू कळत नाही. ते टाकी उतरवतायत, मग ऑनलाइन लिलाव. वही बाबांनी बॅगेत भरली. शेवटच्या ओळीखाली लिहिलंय: '२७ सप्टें. ट्रेलरवरून. ० गॅलन.'

शिळोप्या | ५ ऑक्टो., सकाळी ८:००
सगळं वाचलं. बॉनेटवरच्या टॅकोमीटरचं उत्तर तेवढं राहिलं.

अमेय_ऑस्टिन | ५ ऑक्टो., ८:२५
आहे. चालत नाही. बाबा म्हणतात, त्यांच्याकडे आला तेव्हाही चालत नव्हता.