जेंटामायसिनचा झोन लहान आणि टेट्रासायक्लिनचा मोठा: कारण काय असावे?

प्रश्न
आमच्या प्रयोगशाळेत जिवाणूवर कोणते प्रतिजैविक चालेल हे पाहणारी संवेदनशीलता चाचणी डिस्क डिफ्यूजनने होते, म्हणजे जिवाणू पसरलेल्या अगारवर औषधाची चकती (डिस्क) ठेवून तिच्याभोवती वाढ न झालेल्या वर्तुळाचा (झोनचा) व्यास मोजतो. काही दिवसांपासून नियंत्रणाच्या, म्हणजे चाचणी बरोबर चालते का हे तपासण्याच्या, ई. कोलाय एटीसीसी २५९२२ या प्रमाणित जिवाणूवर १० मायक्रोग्रॅम जेंटामायसिनचा झोन १६-१७ मिलिमीटरच येत आहे. मर्यादा १९ ते २६ आहे. उलट ३० मायक्रोग्रॅम टेट्रासायक्लिनचा झोन २५ च्या आत हवा, तो २७ येतो. डिस्क मुदतीतल्या आहेत आणि जिवाणूंचे सस्पेन्शन मॅकफर्लंड ०.५ या गढूळपणाच्या मापाशी जुळवलेले असते. नेहमीचा इन्क्युबेटर दुरुस्तीला गेल्याने प्लेट दुसऱ्यात ठेवतो, पण तापमान ३५ अंशच आहे.

उत्तर १
आधी म्युलर-हिंटन अगारची, म्हणजे प्लेटमधल्या जिवाणू वाढवण्याच्या माध्यमाची, जाडी मोजावी. ती ४ मिलिमीटर असायला हवी. अंदाजाने ओतलेल्या प्लेट बहुधा जाड होतात आणि झोन आक्रसतात.

उत्तर २
जाडी तपासायला हरकत नाही, परंतु अगार जाड असता तर टेट्रासायक्लिनचाही झोन लहान झाला असता. एक औषध घटते आणि दुसरे वाढते, तेव्हा संशय माध्यमाच्या सामूकडे (पीएचकडे) जातो. आम्लधर्मी माध्यमात जेंटामायसिन जिवाणूच्या पेशीत नीट शिरत नाही, तर टेट्रासायक्लिनचा प्रभाव वाढतो. तो दुसरा इन्क्युबेटर कार्बन डायऑक्साइडचा तर नाही ना?

प्रश्नकर्ता
होय, ५ टक्के कार्बन डायऑक्साइडचाच आहे. रक्त मिसळलेल्या अगारवरील न्यूमोकॉकस या जिवाणूच्या चाचण्यांसाठी तो घेतला होता.

उत्तर २
मग कारण बहुधा तेच. न्यूमोकॉकसला तो वायू लागतो आणि त्याचे निकष त्याच वातावरणासाठी ठरवलेले आहेत, ई. कोलायच्या प्लेट मात्र साध्या हवेतच १६ ते १८ तास ठेवायच्या असतात, कारण वायू अगारच्या ओलाव्यात विरघळून कार्बोनिक आम्ल तयार होते आणि पृष्ठभागाचा सामू उतरतो. साध्या हवेत ठेवूनही झोन सुधारले नाहीत, तर गोठलेल्या अगारचा सामू खोलीच्या तापमानाला मोजा, तो ७.२ ते ७.४ दरम्यान असला पाहिजे.

उत्तर ३
दरम्यान या काळातील रुग्णांच्या अहवालांचे काय केले? जिवाणू जेंटामायसिनला चुकून 'प्रतिरोधक' ठरला तर डॉक्टर दुसरे औषध देतील. तो टेट्रासायक्लिनला चुकून 'संवेदनशील' ठरणे माझ्या मते अधिक घातक, कारण मग निरुपयोगी औषध चालू राहते. नियंत्रण मर्यादेत येईपर्यंत या दोन औषधांचे निकाल रोखावेत आणि जतन केलेल्या नमुन्यांपैकी संवेदनशील आणि प्रतिरोधक यांच्या सीमेलगतचे झोन असलेले आधी पुन्हा लावावेत.