मशीन यायच्या आधीचे दोन महिने

ताई, गोधडी (क्विल्ट) शिवायचं लाँगआर्म मशीन यायला दोन महिने आहेत, तोवर काय शिकू, असं तुम्ही विचारलंय. माझं उत्तर: वही आणि पेन घ्या. हसू नका! साध्या शिलाई मशीनवर आपण कापड सरकवतो. इथे वरचं कापड, मधला भराव आणि खालचं अस्तर असे तिन्ही थर फ्रेमवर ताणलेले असतात आणि हँडल धरून मशीनच फिरवायचं असतं, म्हणजे चित्र काढल्यासारखंच. तेव्हा पेन न उचलता वेली, वळसे, आठचे आकडे रोज पानभर काढा. आपण कुठे अडतो ते कागदावरच कळतं. मशीनमधला स्टिच रेग्युलेटर टाके सारख्या लांबीचे करून देईल, वळण नाही देणार.

सरावाला मांजरपाट आणा, आधी धुऊन घ्या, सुती कापड आटतं. अस्तर वरच्या कापडापेक्षा चारी बाजूंनी 4 इंच तरी मोठं ठेवा, नाहीतर कापड ताणून धरणारे क्लॅम्प (चिमटे) लावायला जागाच उरत नाही. गोधडीच्या सवयीने मी काठोकाठ कापलं होतं, सगळं वाया गेलं.

खोली आत्ताच मोजा. फ्रेम 10-12 फुटी असेल तर मागेही माणूस फिरायला हवा. मशीन अमेरिकेतून येत असेल तर ते 120 व्होल्टचं आहे का ते विचारा, आपल्याकडे 230 आहे. आणि आमच्या जळगावकडची उन्हाळ्यातली धूळ! मशीन ज्या रुळांवर फिरतं त्यांवर बसली की चाकं अडखळतात नि टाका वाकडा जातो. मी रोज रात्री जुनी चादर टाकते.

आईला मात्र हे पटत नाही. तिच्या मते, हाताने धावदोरा घातल्याशिवाय गोधडीला ऊबच येत नाही.