तुमचा सरावाचा चढ तुम्हाला कसा सापडला?

मंडळी, आधी एक कबुली. मी दोन वर्षं रोडबाईक, म्हणजे डांबरी रस्त्यावर वेगानं चालवायची हलकी सायकल, चालवतोय. सपाटीवर पन्नास-साठ किलोमीटर आरामात होतात, आणि सरासरी ताशी २८ आली की घरच्यांनी विचारलं नसतानाही सांगतो. गेल्या महिन्यात एका ग्रुपबरोबर पहिल्यांदाच घाटात गेलो. सात किलोमीटरचा चढ, सरासरी साडेसहा टक्के, म्हणजे दर शंभर मीटरला साडेसहा मीटर वर. दुसऱ्या वळणावर धाप लागली, चौथ्यावर मांड्या पेटल्या. तेवढ्यात माझ्या वडिलांच्या वयाचे एक काका मागून आले, "दमानं घ्या, अजून बरंच आहे" म्हणाले आणि बोलत बोलतच पुढे निघून गेले. बोलत बोलत! माझ्या तोंडून 'हो'सुद्धा फुटला नव्हता.

तेव्हापासून जवळपास सरावापुरता चढ शोधतोय. तो घाट लांब आहे, रोज जाणं शक्य नाही. म्हणून हा धागा. तुमचा नेहमीचा चढ तुम्हाला कसा सापडला, त्यात काय पाहिलंत, कुठे फसलात, ते लिहा. गावांची, रस्त्यांची नावं नकोत. ती तिथल्यांनाच उपयोगी. शोधायची रीत सांगा.

कंटूर

मी नकाशे वाचणाऱ्या जमातीतला, त्यामुळे माझ्याकडून दुसरं काही अपेक्षित नसावं. सायकलिंगच्या बहुतेक नकाशांमध्ये समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, दाखवायची सोय असते. शाळेत भूगोलाच्या वहीत आपण कंटाळून काढायचो, त्याच. रस्ता या रेषांना समांतर पळत असेल तर तो डोंगरात असूनही सपाट आहे. रेषा कापत जात असेल तर चढतोय. दाट रेषांमधून वेडावाकडा जात असेल तर घाट आहे, आनंद करा. हिशेबही सोपा आहे. दोन रेषांच्या उंचीत २० मीटरचा फरक असेल आणि एक किलोमीटर रस्त्यात तीन रेषा ओलांडल्या, तर चढ ६० मीटर, म्हणजे सरासरी ६ टक्के.

पण माझा लाडका चढ मला रेषांवरून सापडला नाही. तो सापडला पाण्याच्या टाकीवरून. नळाला पाणी आपोआप उतरावं म्हणून टाकी आसपासच्या सगळ्यात उंच जागी बांधतात, आणि तिच्यापर्यंत गाडी जाईल असा रस्ता करावाच लागतो. मोबाईलचे टॉवर, पवनचक्क्या, धरणाची भिंत, सगळ्यांचं तेच. असे रस्ते वर जाऊन संपतात, त्यामुळे कामाशिवाय तिकडे कुणी फिरकत नाही. वाहनं जवळपास शून्य. नकाशात टेकडीवर संपणारी बारीक रेघ दिसली की मी आधी तिथे जाऊन येतो. दहातल्या सहा वेळा वाटेत फाटक लागतं किंवा डांबर संपतं. उरलेल्या चार वेळांसाठी एवढी खटपट.

दगडखाणीचे रस्ते मात्र टाळा. चढ सुरेख असतात, पण प्रत्येक वळणावर डंपरनं सांडलेली खडी असते.

आकडेमोड

कंटूर यांच्याशी सहमत, पण नकाशावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. माझीच गोष्ट सांगतो.

एका रूट-प्लॅनरवर मला घरापासून १४ किलोमीटरवर एक चढ दिसला. उंचीच्या आलेखात मधोमध सुळका, कमाल चढ २६ टक्के! मी रात्री कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरच्या गिअरच्या चकत्यांचा संच, बदलली. सकाळी पोचलो तर रस्ता सरळसोट बोगद्यात शिरत होता. बऱ्याच नकाशांमागची उंचीची माहिती उपग्रहांनी किंवा अवकाशयानांनी वरून मोजलेली असते. २००० साली एंडेव्हर यानानं रडारनं केलेली मोजणी तर आजही सर्रास वापरात आहे. वरून पाहणाऱ्याला डोंगर दिसतो, डोंगराच्या पोटातला रस्ता कसा दिसणार? पूल आणि खोल कापून काढलेले रस्ते यांचीही हीच गत. आलेखात एकाएकी सुळका किंवा खड्डा दिसला तर उपग्रहाचं छायाचित्र उघडून बघा. कॅसेट नंतर बदला.

दुसरं, सरासरी. 'तीन किलोमीटर, ५ टक्के' हे ऐकायला गोजिरवाणं वाटतं. मी जातो त्या चढात मध्ये चारशे मीटर उतार आहे आणि शेवटचे तीनशे मीटर १३ टक्क्यांचे. सरासरी पाचच. म्हणून नेहमी अर्ध्या-अर्ध्या किलोमीटरचे तुकडे करून पाहावं.

स्ट्राव्हा या सायकलस्वारांच्या अ‍ॅपवरच्या चढांच्या श्रेणींबद्दल नवे लोक विचारतात, म्हणून लिहितो. चढाची मीटरमधली लांबी गुणिले टक्के. गुणाकार ८,००० च्या वर गेला की चौथी श्रेणी, १६,००० ला तिसरी, ३२,००० ला दुसरी, ६४,००० ला पहिली, आणि ८०,००० च्या पुढे 'श्रेणीबाहेर'. फ्रान्समधला आल्प द्युएझ १३.८ किलोमीटर, ८.१ टक्के, म्हणजे जवळपास १,१२,०००. दोन किलोमीटरचा चार टक्क्यांचा चढ कसाबसा चौथ्या श्रेणीच्या उंबरठ्यावर. तरी त्यावर मनापासून चालवलं तर जीव निघतो.

आणि कृपा करून टक्के म्हणजे अंश समजू नका. १० टक्के म्हणजे जेमतेम ५.७ अंश. न्यूझीलंडमधल्या डनीडिनची बाल्डविन स्ट्रीट जगातली सगळ्यात उभी गल्ली म्हणून ओळखली जाते. तीही ३५ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे सुमारे १९ अंश. "आमच्याकडे ४५ अंशांचा घाट आहे" म्हणणाऱ्यांनी सायकल नव्हे, दोर घेऊन जावं.

शेवटून_पहिला

मला चढ सापडला नाही, मी चढाला सापडलो. रस्ता चुकलो. उतरून ढकलत वर नेली. दीड वर्षानंतर आता फक्त एकदा उतरतो, त्या विजेच्या खांबापाशी. खांब तोच आहे, तिथवर पोचायला आधी अकरा मिनिटं लागायची, आता सात. बाकी वरच्या विद्वानांचं चालू द्या.

उतारावरची

इथे सगळे चढाबद्दल बोलताहेत. मी चढ निवडते तो उतार बघून. वर गेलेली सायकल खाली आणावी लागते, आणि पाच फेऱ्या मारायच्या असतील तर पाच वेळा.

सुरुवातीला मीही 'सगळ्यात कडक' चढाच्या मागे होते. सापडला. बारा टक्के, नाकासमोर सरळ, आणि पायथ्याशी मोठा चौक. वर जाताना सुख होतं, खाली येताना पूर्णवेळ ब्रेक आवळलेले. माझ्या जुन्या सायकलला रिम ब्रेक, म्हणजे चाकाच्या कडेलाच, रिमला, आवळणारे. सतत घासून सगळी उष्णता रिममध्ये उतरत होती, हे मला चौथ्या फेरीला कळलं. चौकाच्या अलीकडे मागची ट्यूब फाटकन फुटली. सुदैवाने पुढची नव्हती. त्या दिवसानंतर तिकडे गेले नाही. आता सहा-सात टक्क्यांचा चढ आहे माझा, वळणं लांबून दिसतात, आणि खाली पोचल्यावर दोनशे मीटर सपाटी आहे. तिथे श्वास घेते आणि फिरते.

नवीन चढावर माझी पहिली फेरी सायकलवरून नसतेच, स्कूटरवरून असते. साइडपट्टी आहे का? ट्रक इथे कुठल्या गिअरमध्ये चढतात? मी ताशी नऊनं चाललेली असणार आणि मागून येणारा पन्नासनं. आंधळ्या वळणावर तो मला किती आधी बघेल? मोबाईलला रेंज कुठपर्यंत आहे? कुत्री कुठल्या कोपऱ्यावर बसतात? कुत्र्यांचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. उतारावर आपण त्यांच्या पुढे पळतो, पण चढावर त्यांना पळायचीसुद्धा गरज नसते. एकटीनं जायचं असेल तर ही सगळी उत्तरं त्या स्कूटर-फेरीत मिळाल्याशिवाय मी क्लीट, म्हणजे बुटाला पॅडलशी जोडणारी खाच, अडकवत नाही.

सपाटकर

नशीबवान आहात सगळे. मी राहतो तिथे चाळीस किलोमीटरच्या परिघात सगळ्यात उंच वस्तू म्हणजे उड्डाणपूल.

हसा, पण त्याच पुलावर मी तयारी केली. भल्या पहाटे, वाहनं नसताना. एका बाजूनं साडेचारशे मीटर, चार टक्के. अठरा मीटरची चढाई. वीस फेऱ्या म्हणजे ३६० मीटर. एवढ्या फेऱ्यांत कंटाळा येतो हे खरं, पण पुलाच्या प्रत्येक सांध्याशी ओळख होते.

'एव्हरेस्टिंग' ऐकलंय ना? एकच चढ, त्याच रस्त्यानं वर-खाली, मध्ये झोप नाही, एकूण चढाई ८,८४८ मीटर होईपर्यंत. एव्हरेस्टवर १९२४ साली हरवलेल्या जॉर्ज मॅलरींच्या त्याच नावाच्या नातवानं १९९४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या माउंट डोना ब्वांगवर हे केलं, आणि पुढच्या वर्षी तो खऱ्या एव्हरेस्टवर पोचला. माझ्या पुलावर करायचं तर ४९२ फेऱ्या लागतील. नको.

चढ नसेल तर समोरचा वारा वापरा असा सल्ला मिळतो. मी दोन हंगाम वापरला. दम वाढतो, यात शंका नाही. पण वाऱ्यात सायकलला वेग असतो, पाय क्षणभर सैलावला तरी ती पुढे जाते. चढावर पॅडलचा जोर ओसरला की लगेच सायकल मंदावते, प्रत्येक फेरा नव्यानं ढकलावा लागतो. पहिल्या खऱ्या घाटात मला दम पुरला, पण हे सतत ढकलणं अंगवळणी नव्हतं. त्यामुळे लहानसा का होईना, खरा चढ शोधा. पुलाला कमी लेखू नका.

जुनी_चेन

धागाकर्त्यांना घाटात भेटलेले काका मी नव्हे. पण असू शकलो असतो, कारण बोलायची सवय मलाही आहे.

माझं म्हणणं एवढंच, की तरुण मंडळी चढ शोधतात आणि गिअर विसरतात. गुडघ्याच्या दुखण्यात आठ महिने घालवल्यावर मी कागदावर हिशेब मांडला. मी आणि सायकल मिळून ८३ किलो. पुढे ३४ दातांची चकती, मागेही ३४, म्हणजे पॅडलचा एक फेरा, चाकाचा एक फेरा, जवळजवळ २.१ मीटर. मिनिटाला ६० फेरे मारले तर ताशी साडेसात किलोमीटर. एवढ्या वेगानं १२ टक्के चढायला २१० वॅट लागतात. मी तासभर टिकवू शकतो ते १७०. म्हणजे माझा सगळ्यात हलका गिअर असूनही पाय पन्नासच्या खालीच फिरणार, आणि प्रत्येक फेऱ्याचा भार गुडघ्यावर. त्याच १७० वॅटवर ६ टक्क्यांचा चढ मी ताशी अकरानं चढतो, ऐंशीच्या वर फेऱ्यांनी, आणि वर पोचल्यावर गुडघा काही बोलत नाही.

म्हणून माझा चढ साडेपाच टक्क्यांचा, न थांबता वीस मिनिटांचा. कुणाला दाखवायला नेण्यासारखा नाही. माझा मुलगा त्याला 'चढाव' म्हणतो, 'घाट' म्हणायला तयार नाही.

लांबच हवा असंही नाही. इंग्लंडमध्ये १८८७ पासून चालत आलेली कॅटफर्डची चढ-शर्यत तर काही मिनिटांत संपते. ज्याला शेवटच्या मिनिटाचा जोर वाढवायचा आहे त्यानं पाऊण-एक मिनिटाचा उभा चढ घ्यावा, फुप्फुसं ताणायची असतील तर तीन ते पाच मिनिटांचा, घाटासाठी दहा ते वीस मिनिटांचा. एकाच चढात सगळं मिळत नाही. पण लांब चढाचा पहिला तुकडा लहान चढ म्हणून वापरता येतो. मी तेच करतो. तिसऱ्या मैलाच्या दगडापासून परत फिरतो.

आकडेमोड

काका, हवेचा रोध धरला तर ६ टक्क्यांवर अकराच्या किंचित खाली येईल. बाकी गणित चोख.

जुनी_चेन

किंचित खालीच येतो. तेवढं मी वाढवून सांगितलं.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. कंटूर, तुमची टाकी लागू पडली! घरापासून पावणेपाच किलोमीटरवर टेकडीवर टाकी आहे. रोज खिडकीतून दिसते. तिथे रस्ता असेल हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. उतारावरची ताईंचं ऐकून शनिवारी आधी स्कूटरवरून गेलो. फाटक अगदी वर, टाकीला लागून, त्यामुळे रस्ता मोकळा. १.१ किलोमीटर, ६२ मीटर, म्हणजे साडेपाच टक्क्यांच्या जरा वर. आकडेमोड, उपग्रहाचं छायाचित्र पाहिलं, बोगदा नाही. तिसऱ्या वळणावर डांबराला आडवी भेग आहे, खाली येताना डावीकडून घ्यावी लागते. कुत्री दोन, दोन्ही म्हातारी.

रविवारी सायकलवरून चार फेऱ्या झाल्या. पहिली सहा मिनिटं पाच सेकंदांत, चौथी साडेसातच्या वर. चौथीच्या शेवटी टाकीवरच्या रखवालदारांनी विचारलं, "काही राहिलंय का वर?" उत्तर द्यायचं होतं, आवाज निघेना. मान हलवून खाली आलो.

उद्या पाच फेऱ्या करायच्या आहेत. जुनी_चेन काका, माझ्या मागच्या कॅसेटची सगळ्यात मोठी चकती २८ दातांची आहे, पुढे ३४. आत्ताच बदलू, की आधी महिनाभर अशीच चालवू?